घोडा नसलेली जाहिरात

जपानमध्ये रेसची जाहिरात टीव्हीवर करतात हे मला पहिल्यांदा सांगितलं गेलं, तेव्हा मी आमच्या बॉसला पुन्हा विचारलं, कसली म्हणालात? साबणाची जाहिरात मी समजू शकते, चहाची, केसांच्या तेलाची. पण रेसची? आमच्या घरात हा शब्द उच्चारायची बंदी होती. शाळेच्या स्पोर्ट्समध्ये माझा नंबर आला तरी घरी येऊन मी 'पळण्यात आला' एवढंच सांगायची. आणि इकडे एक अख्खा देश टूथपेस्टच्या आणि बिस्किटांच्या मधोमध, पोराबाळांच्या देखत, रेसला या म्हणून सांगत होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दुबईत एका छोट्या स्टुडिओत एडिटिंग करायची, राहायला शेजारच्या शारजात. कामं म्हणजे सुपरमार्केट, सोन्याची दुकानं, एअरकंडिशनर. आणि आणखी एक काम होतं, ते कुणाला धड समजावून सांगता यायचं नाही. बाहेरून आलेल्या फिल्ममधून इथे चालणार नाही ते काढून टाकायचं. दारूची बाटली, चुंबन, पत्त्यांचा डाव. आमचा लेबनीज बॉस त्याला 'खलास करणं' म्हणायचा. मी अशी शांतपणे दुसऱ्यांच्या गोष्टी खलास करायची, आणि त्यावर आमच्या घराचं निम्मं भाडं निघायचं.

मार्चमध्ये दुबईत मोठी रेस असते. त्या वर्षी जपानहून घोडे येणार होते, त्यांच्याबरोबर मालक आणि पाहुणे. एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांची पार्टी ठरली होती आणि तिथल्या मोठ्या पडद्यावर त्यांच्या देशातल्या रेसच्या जाहिराती दाखवायच्या होत्या. बॉसने कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली. "हबीबी, घोडा ओके. पैसा नाही, तिकीट नाही, बेटिंग नाही." बाई असो की बुवा, तो सगळ्यांनाच हबीबी, म्हणजे 'लाडक्या', म्हणायचा.

"पण रेस तर इथे होते ना?" मी विचारलं.

"रेस होते. बेटिंग होत नाही."

म्हणजे काय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. घोडे पळणार, लोक बघणार आणि घरी जाणार? मग त्याला रेस कशाला म्हणायचं?

माझा गोंधळ समजायचा तर आमच्या घरातलं थोडं सांगायला हवं. माझे बाबा मुंबईत सरकारी कचेरीत होते, देवभोळे, निर्व्यसनी, आणि रविवारी महालक्ष्मीला जाणारे. आईच्या पाटल्या तिथल्या रेसकोर्सवर गेल्या. त्यावरून घरात जे जे व्हायचं ते झालं. शेवटी माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा रेसकोर्सवर पाऊल ठेवणार नाही. त्या दिवसापासून घरातला पैसा आईच्या हातात गेला. पुढे पेन्शनसुद्धा तीच काढून आणायची आणि त्यांना पेपरापुरते, पानापुरते सुटे द्यायची. आणि त्या दिवसापासून माझं डोकं तारण पडलं ते पडलंच. शारजाहून फोनवर मी नुसतं म्हटलं, आई, डोकं दुखतंय गं, की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "कधीपासून? रविवारपासून का?" मी उन्हाचं म्हणायची, एसीचं म्हणायची. तिचा संशय काही जायचा नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण लुटता लुटता, शेजारच्या बाईंनी सगळ्यांच्या देखत आईला विचारलं, "काय हो, तुमचे हे अजून महालक्ष्मीला जातात वाटतं? आमच्या ह्यांना दिसले परवा, रेस चालू होती तेव्हा." झालं. आईने घरी येऊन बाबांना एक शब्द विचारला नाही. ती व्हिजिट व्हिसावर सरळ आमच्याकडे शारजाला आली. जावयाच्या घरी चार दिवसांच्या वर राहायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम, पण तोही तिने गुंडाळून ठेवला.

दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, बाबांचा फोन यायचा. बेल वाजली की आई बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. "आंघोळीला गेलीय," मी सांगायची. "दर शुक्रवारी याच वेळेला?" बाबा विचारायचे, आणि मग आपणच म्हणायचे, "असू दे, असू दे. गरम पाणी असतं ना तिकडे?"

मार्चअखेर व्हिसा संपत होता. आईने ठरवून टाकलं होतं. "मुंबईला उतरेन, पण तिथनं सरळ मिरजेला भावाकडे. त्या घरात आता पाऊल टाकायची नाही." ह्या वयात. मामी तोंडावर गोड बोलणारी, पण पंधरा दिवसांनी काय होईल ते मला दिसत होतं. आणि बाबांना तर साधा चहा करता यायचा नाही. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांची कीवही यायची, आणि एकाच माणसाबद्दल दोन्ही कसं वाटतं हे न कळून मी तो राग नवऱ्यावर काढायची. तो बिचारा गाडी चालवत गप्प बसायचा. शारजा-दुबईच्या जाममध्ये गप्प बसायला भरपूर वेळ मिळतो.

कापायच्या जागा ठरवायला मी व्हीएचएस कॅसेट घरी आणायची. अशा कॅसेटमध्ये चित्राच्या खालच्या बाजूला सतत आकडे पळत असतात: तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचेही तुकडे. घरी बसून बघायचं, कुठून कुठपर्यंत कापायचं ते आकडे टिपून घ्यायचे आणि स्टुडिओत जाऊन कात्री लावायची. त्या शुक्रवारी दुपारी मी कॅसेट लावली. आई खाली बसून मेथी निवडत होती. पहिल्या जाहिरातीत बर्फात एक घोडा उभा होता, त्याच्या नाकातून वाफ निघत होती. आई जुडीसकट उठली. "बंद कर ते."

"कामाचं आहे आई."

"मग मी आत जाते."

ती दारापर्यंत पोचली आणि दुसरी जाहिरात सुरू झाली. हिच्यात घोडा नव्हता. एक छोटं स्वयंपाकघर, गॅसवर काहीतरी शिजतंय, चाळिशीची एक बाई उभी. दार उघडतं. नवरा येतो, बूट काढतो, खुर्चीवर बसतो. खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवतो. खाली मान घालून दोन शब्द बोलतो. बाई त्या कागदाकडे बघते, त्याच्याकडे बघते, काहीतरी म्हणते आणि हसते. चांगली खळखळून हसते. मग त्याच्यापुढे वाडगा ठेवते. इतकंच. शेवटी कुठेतरी लांब टापांचा आवाज येतो आणि जपानी अक्षरं.

आईला वाटलं मालिका आहे. ती दारातच उभी राहून बघत होती. टापा ऐकू आल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

"किती हरला गं हा?" तिने विचारलं.

"कोण?"

"हा काय. खाली आकडे बघ की. थांबतच नव्हते मेले."

मी कपाळावर हात मारला. ते आकडे पैशांचे नाहीत, वेळेचे आहेत, मी कापण्यासाठी वापरते, जपानातल्या लोकांना ते दिसतसुद्धा नाहीत, असं सगळं सांगितलं. आई ऐकून घेत होती, पण तिचा चेहरा काही मानायला तयार नव्हता. "मला शिकवू नकोस. रेस म्हटली की आकडे आलेच." मग ती पुढे येऊन बसली. "परत लाव."

मी परत लावली. मग आणखी एकदा. माझी मुलगी येऊन म्हणाली, "आजी, इट्स जस्ट ॲन ॲड!" आईने तिला हातानेच गप्प केलं. मेथी तशीच पडली होती.

"एवढा हरून आलाय," आई म्हणाली, "आणि ही हसतेय. का हसतेय गं?"

"मला जपानी येत नाही आई."

"वेडी असेल," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "वेडी दिसत तर नाही."

स्टुडिओत जाऊन मी माझं काम केलं. तो कागद म्हणजे रेसचं तिकीट, तो चालणार नव्हता. कागद दिसणारा भाग काढला. आता नवरा घरी येत होता, बूट काढत होता, मान खाली घालत होता आणि बायको विनाकारण हसत होती. मी ते बघून बघून इतकी गोंधळले की काय काढलं आणि काय राहिलं हेच मला कळेना. बाकीच्या जाहिरातींचंही तेच. हातातली चिठ्ठी काढली की माणूस उगाच ओरडतोय असं वाटायचं. आपलं काहीतरी चुकतंय हे कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं.

जपान्यांच्या वतीने एक बाई बघायला आल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, त्या उकाड्यातही काळा कोट, हातात मिठाईचा बॉक्स. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. स्वयंपाकघराची जाहिरात संपल्यावर मात्र हळू हळू, एकेक शब्द वेचत इंग्रजीत म्हणाल्या, "कागद नाही. मग बायको हसते कशाला?"

आईचाच प्रश्न होता, फक्त आई कागद बघून विचारत होती आणि ह्या कागद नाही म्हणून विचारत होत्या.

बॉस म्हणाला, "मॅडम, तिकीट नाही दाखवता येत. इम्पॉसिबल."

त्या म्हणाल्या, मग ही जाहिरातच काढून टाका. त्यांनी मान लववून आभारही मानले, आणि मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं. त्या निघताना मी दारापर्यंत गेले आणि विचारलं, ती बाई म्हणते काय?

"नवरा म्हणतो, आज पण नाही." त्या थांबल्या, शब्द शोधत होत्या. "बायको म्हणते, एकट्याने कशाला हरतोस? पुढच्या रविवारी मी पण येते."

"तुमच्याकडे बायका असं म्हणतात?"

त्यांनी बराच विचार केला. "माझी आई नाही म्हणाली कधी," त्या म्हणाल्या. "ही जाहिरात आहे."

मी घरी आले तेव्हा आई पोळ्या करत होती. मी सांगून टाकलं. आईने तव्यावरची पोळी उलटली.

"थोबाड फोडलं असतं मी," ती म्हणाली. आणि मग, "तिच्या पाटल्या गेल्या नसतील."

पोळी फुगली, तिने ती काढून ठेवली, दुसरी टाकली.

"हे म्हणाले होते एकदा," ती म्हणाली. "नवीन लग्न झालं होतं. म्हणाले, चल की, नुसतं बघायला. मी म्हटलं, माझी तिरडी न्या तिकडे."

हे मला कधीच माहीत नव्हतं. मला वाटायचं बाबांनी तिला कधी विचारलंच नसेल. आता कुणावर रागवायचं हे मला कळेना, म्हणून मी ताटं मांडली.

पुढे काही दिवस आई त्या विषयावर बोलली नाही. मी विमानाचं तिकीट काढलं आणि मिरजेच्या गाडीचं विचारलं, तर म्हणाली, "बघू." आणि मग रेसच्याच दिवशी, दुपारच्या चहाला, आमच्या ह्यांना म्हणाली, "ते मैदान लांब आहे का हो?"

नवऱ्याच्या घशात चहा अडकला. "आई, यू मीन रेसचं? आपण जायचं?"

"ज्या सवतीने माझा संसार खाल्ला, तिचं तोंड तरी बघू दे एकदा. मी अजून रेस बघितलेली नाही."

आणि ते खरंच होतं. उभा जन्म रेसशी भांडण्यात गेला, आणि आईने ती कधी पाहिलीच नव्हती.

"यल्ला मग," नवरा उठला. "आत्ता निघालो तर ठीक. नंतर जाम लागला तर खलास."

नाद अल शेबाच्या मैदानावर सर्वसामान्यांसाठी प्रवेश फुकट होता. हिरवळीवर लोक चटया टाकून बसले होते, पोरं लोळत होती, बायकांनी डबे उघडले होते. मोठमोठे दिवे लागले होते. आई पदर घट्ट धरून अशी चालत होती की जणू कुणीतरी येऊन हातातल्या बांगड्या ओढणार आहे. कुणी ओढल्या नाहीत. आम्ही कठड्यापाशी गेलो तिथे कोकणातली काही मुलं उभी होती, साइटवर काम करणारी, सुट्टीची म्हणून इस्त्रीचे शर्ट घातलेली. आईची साडी बघून त्यातला एकजण आपणहून बोलला.

"काकू, कार्ड घेतलात? घ्या की. कुठला घोडा येईल तो लिहायचा नि पेटीत टाकायचा. बक्षीस लागतं."

"पैसे किती?" आईने आवाज चढवून विचारलं. ह्याच प्रश्नासाठी ती इतक्या लांब आली होती.

"पैसे नाय लागत. हितं चालतच नाय पैसे लावलेले."

आईने माझ्याकडे बघितलं. "मग एवढी माणसं आलीत कशाला?"

"बघायला," मी म्हटलं.

"नुसतं?"

"नुसतं."

तिला कुणीतरी फसवल्यासारखं झालं. ती त्या गर्दीकडे बघत राहिली, त्या डबे उघडणाऱ्या बायकांकडे, त्या इस्त्रीच्या शर्टांकडे. घोडे समोर फिरवायला आणले होते तिकडे तिचं लक्षच नव्हतं. मग ती एकदम म्हणाली, "पेन्शन तर मी काढते."

"काय?"

"पेन्शन मी काढते. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पानाचे सुटे मी मोजून देते. मग हे तिकडे जाऊन खेळत कशावर होते?"

इतके दिवस आम्ही दोघी एका माणसावर रागावून बसलो होतो, आणि हा साधा प्रश्न एकीलाही पडला नव्हता.

"फोन द्या तुमचा," आईने जावयाला सांगितलं. इथून भारतात मोबाइलवरून फोन म्हणजे दिरहमचे रुपये करून बघायची हिंमतच व्हायची नाही. नवऱ्याने निमूटपणे नंबर लावून दिला.

परदेशातला फोन म्हटला की बाबा ओरडूनच बोलायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"मी बोलतेय," आई म्हणाली. "रेसला आलेय."

बाबा म्हणाले, "बरी आहेस ना तू?"

"मला काय धाड भरलीय? तुम्ही सांगा. महालक्ष्मीला जात होता की नाही?"

"आत नाही गेलो," बाबा घाईघाईने म्हणाले. "देवाशपथ आत पाऊल ठेवलं नाही. बाहेर कुंपणापाशी उभं राहिलं की वळणावरचे थोडे दिसतात. तेवढे बघायचे नि यायचं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता, आत कसा जाईन?"

आई कठड्याला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की ते दिव्यांमुळे होतं, मी सांगू शकत नाही. माझ्या मात्र आलं होतं. म्हातारा माणूस, गजांमधून मान घालून वळणावरचे घोडे बघतोय. आणि आम्ही नळ सोडून बसत होतो.

"कुठला लिहू?" आईने एकदम विचारलं.

"कसलं?"

"घोडा हो. इथे कार्ड आहे, फुकट. पटकन सांगा, फोन महाग आहे."

"मी सोडलंय ते," बाबा म्हणाले. त्यांना हा सापळा वाटला असावा. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "चालताना बघितलास का? कान कसे आहेत? घाम फुटलाय का कुणाला?"

"एक आहे तांबडा. सारखा मागे वळून बघतोय."

"तो नको. त्याचं लक्ष नाही."

आईने तोच लिहिला. मी विचारलं, अगं, ते नको म्हणाले ना? तर म्हणाली, "मागे बघतो तर बघू दे बिचाऱ्याला."

घोडे सुटले. मीही पहिल्यांदाच बघत होते. जमीन हादरते हे टीव्हीवर कळत नाही. सगळे ओरडत होते, कोकणातली मुलं ओरडत होती, माझा नवरा ओरडत होता, आणि कुणाचं काहीही लागलेलं नव्हतं. तांबडा घोडा जवळजवळ शेवटी आला, आरामात, फिरायला निघाल्यासारखा. आईने फोन बंद केलाच नव्हता. तो तसाच कानाला लावून ती हसायला लागली. चांगली खळखळून. मी तिला असं हसताना शेवटचं कधी बघितलं ते मला आठवेना.

"हरला हो आपला," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडून बाबा काहीतरी ओरडत होते, मी सांगितलं होतं, लक्ष नव्हतं त्याचं. आई म्हणाली, "बरं बरं. कुंपणाशी नका उभे राहू आता एकट्याने. मी येतेय ना."

घरी येताना गाडीत मी विचारलं, "आई, हसलीस का गं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली, आणि मिरजेचं काय, हे तिला कुणी विचारलं नाही.

ती गेली, आणि त्यानंतरच्या रविवारी बाबांचा फोन आला. शुक्रवार नसताना. आवाज दबका.

"तिला काय दाखवलंस तू तिकडे?"

"का? काय झालं?"

"मला घेऊन गेली आज. तिकिटं तिनेच काढली, आतली. मी नको नको म्हणत होतो. पैसे लावू दिले नाहीत, पण शेवटपर्यंत बसली. आणि येताना म्हणते, पुढच्या वेळी डबा घेऊ. काय दाखवलंस?"

"जाहिरात, बाबा."

"घोड्यांची?"

"रेसची. म्हणजे घोडा नव्हता तिच्यात."

"घोडा नाही, मग रेसची कशी?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही," मी म्हटलं.

मागे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग बाबांनी अगदी हळू, पहिल्यांदाच परदेशी फोनवर इतक्या हळू विचारलं, "आत गेलो होतो ना आज. तुझं डोकं नाही ना दुखत?"